कुत्र्याने सासूबाईंच्या गोळ्या खाल्ल्या, काय करू? (अपडेट: घरी आलाय, प्रतिसादांत वाचा)

निशिगंध | शुक्रवार, रात्री ९:१२
घाईत लिहितेय. आमचा भुंग्या (बीगल, वय २, वजन १२ किलो) याने सासूबाईंची गोळ्यांची डबी फोडली आहे. ती सोम-मंगळ-बुध असे खण असलेली असते ना, ती. शुक्र, शनि, रवि हे खण रिकामे, प्लॅस्टिकचा चुरा सोफ्यामागे. सासूबाई म्हणतात की आज शुक्रवारची घेतली होती, पण नक्की आठवत नाही. बीपी आणि शुगरच्या गोळ्या आहेत. भुंग्या अगदी मजेत आहे, शेपूट हलवतोय, आत्ता बॉल घेऊन आलाय. नेहमीच्या डॉक्टरांचा फोन लागत नाही. सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का? कोणाला अनुभव?

कोकणी_बोका | ९:१६
मजेत आहे तर घाबरू नका. आमच्याकडे असं काही झालं की मीठपाणी पाजून उलटी करवतात. नाहीतर वाटीभर दूध द्या, विष मारतं.

डॉ_शेपूट | ९:१९
निशिगंध, पशुवैद्य आहे म्हणून जरा हुकमी आवाजात लिहितो. दूध नको, मीठ तर मुळीच नको. सकाळपर्यंत थांबायचं नाही. चार गोष्टी सांगा: गोळ्यांची नावं (ब्रँड नको, मागे बारीक अक्षरात लिहिलेलं औषध), किती मिलिग्रॅम, जास्तीत जास्त किती पोटात गेल्या असतील आणि साधारण कधी. शुक्रवारच्या शंकेच्या गोळ्या गेल्याच असं धरा.

निशिगंध | ९:२४
प्रिस्क्रिप्शन बघून: टेल्मिसार्टन ४०. ग्लिमेपिराइड २ + मेटफॉर्मिन ५०० एसआर. अ‍ॅस्पिरिन ७५. रोज एकेक. म्हणजे तीन-तीन धरू. आम्ही ८ वाजता जेवायला बसलो तेव्हा डबी टीपॉयवर शाबूत होती. म्हणजे तास-सव्वा तास.

डॉ_शेपूट | ९:२९
निघा. तुमच्या भागात रात्री चालू असलेल्या दवाखान्याला आधी फोन करा आणि "डॉक्टर हजर आहेत का, उलटी करवता येईल का, ग्लुकोज लावता येईल का" हे तीनच प्रश्न विचारा.

कारण असं: अ‍ॅस्पिरिन २२५ मिग्रॅ १२ किलोला, किलोमागे १९. पोट बिघडेल, पण ती माझी काळजी नाही. टेल्मिसार्टनने बीपी खाली येऊ शकतं, त्यावर लक्ष ठेवता येतं. मेटफॉर्मिनने बहुधा उलट्या-जुलाब. खरी गडबड ग्लिमेपिराइडची. ६ मिग्रॅ झालं. मोठ्या माणसाला दिवसाला जास्तीत जास्त ८ देतात, हा १२ किलोचा जीव आहे. हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, शुगर असो वा नसो. ती आत्ता नाही, काही तासांनी पडेल, तुम्ही झोपलेले असताना. आणि एकदा वर आणली तरी पुन्हा पडते, चोवीस तास आणि त्याहून जास्तही.

निघताना मधाची बाटली घ्या. वाटेत लटपटला, मान टाकली, थरथरला, तर मध बोटाने हिरड्यांना चोळा. तोंडात ओतायचा नाही. डबीचा चुरा आणि प्रिस्क्रिप्शन पिशवीत घाला. वाटेत उलटी झाली तर तीही पिशवीत.

निशिगंध | ९:३१
निघालो.

अवलिया_७ | ९:४०
डॉक, एक शंका. घरीच हायड्रोजन पेरॉक्साइड देऊन उलटी करवता येते असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मग सव्वा तास झालेला असताना गाडीत वेळ का घालवायचा?

डॉ_शेपूट | ९:५८
चांगला प्रश्न, लोक याच जागी फसतात.

तुम्ही वाचता ते अमेरिकेतलं असतं. तिथे घरोघरी ३ टक्क्यांची बाटली असते. आपल्याकडे केमिस्टकडे जी मिळते ती बहुतेक वेळा २० व्हॉल्यूम, म्हणजे ६ टक्के. केस ब्लीच करायची तर त्याहून तीव्र. ती पाजलीत तर जठराला आतून भाजल्यासारखं होतं, रक्ताच्या उलट्या होतात, आणि मग मूळ औषध राहिलं बाजूला. ३ टक्क्यांचीसुद्धा पशुवैद्य फोनवर असताना, त्याने वजन विचारून माप सांगितलं तरच. आणि पग, बुलडॉग अशी चपट्या नाकाची कुत्री, गुंगीत असलेलं, झटके येत असलेलं, आधीच ओकत असलेलं कुत्रं, यांना कधीच नाही. ओकारी फुप्फुसात गेली तर न्यूमोनिया. मांजरांना तर पेरॉक्साइड नाहीच.

दवाखान्यात आम्ही इंजेक्शनने करवतो, आणि करवू नये असं वाटलं तर थांबवण्याचीही सोय असते. घरी एकदा पाजलं की पाजलं.

कोकणी_बोका, मिठाबद्दल रागावू नका. चमचे-चमचे मीठ पाजून उलटी झाली नाही की ते मीठ रक्तात जातं, सोडियम चढतं, मेंदूला सूज येऊन झटके येतात. गोळीने न मेलेलं कुत्रं मिठाने मेलेलं पाहिलंय. दूध कुठलंही औषध मारत नाही, फक्त पाजणाऱ्याला काहीतरी केल्याचं समाधान देतं.

कोकणी_बोका | १०:०५
रागावत कशाला! आमची आजी ताक द्यायची, तेवढं तरी नको म्हणू नका :) पण खरं सांगायचं तर सिंधुदुर्गात आमच्या टापूत रात्री दवाखाना म्हणजे डॉक्टरांचं घर, तेही त्यांनी दार उघडलं तर. मग करायचं काय?

मुक्ता_नागपूर | १०:११
आमच्याकडे १९६२ वर फोन केला होता. फिरतं पथक मुख्यतः गाई-म्हशींसाठी आहे, पण फोन उचलणाऱ्याने जवळच्या डॉक्टरांपर्यंत पोचवलं. अगदी काहीच नसेल तर करून बघायला हरकत नाही.
राज्यात काही ठिकाणी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत: मुंबईत परळ, आमचं नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर. पण ओपीडी दिवसाची. रात्रीचं विचारूनच जा. मुंबईकरांना परळचं बाई साकरबाई पेटिट रुग्णालय माहीत असेलच, आणि २०२४ पासून महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचंही झालंय.

डॉ_शेपूट | १०:२०
बोका, तुमच्या टापूत फोन हाच दवाखाना. म्हणून ओळखीच्या दोन पशुवैद्यांचे नंबर आजच सेव्ह करा, रात्रीचे चालतात का ते विचारून. डॉक्टर तालुक्याच्या गावी असला तरी फोनवर वजन आणि मिलिग्रॅम ऐकून "राहू दे, काही होत नाही" की "गाडी काढा" एवढं नक्की सांगू शकतो. निम्मं काम तिथेच होतं.

न्यूजर्सीकर | १०:३४
इकडे प्राण्यांसाठी वेगळ्या विषबाधा हेल्पलाइन आहेत, चोवीस तास. फी घेतात. आमच्या लॅब्रॅडोरने बायकोच्या पाठदुखीच्या आयबुप्रोफेनची बाटली फोडली तेव्हा त्यांनी केस नंबर दिला, आमच्या व्हेटने तो घेऊन थेट त्यांच्या विषतज्ज्ञांशी बोलून उपचार ठरवले. भारतात एम्सचं राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, पण ते माणसांसाठी. कुत्र्यांचं असं काही हवं राव.
अवांतर: लॅब वाचला, बिल बघून मीच आडवा झालो.

मुक्ता_नागपूर | १०:४१
आयबुप्रोफेनवरून आठवलं. आमच्या गल्लीतल्या काळूला ताप होता, शेजारच्या काकांनी मायेने कॉम्बिफ्लाम घातली पोळीत. सकाळ-संध्याकाळ. तिसऱ्या दिवशी डांबरासारखी काळी शी. काका बिचारे अजून म्हणतात की "मलाही तीच देतात." कुत्र्याने चोरून खाल्लेल्या गोळ्यांपेक्षा माणसांनी हाताने चारलेल्याच जास्त असतील असं मला वाटतं.

डॉ_शेपूट | १०:५५
जास्तच असतात. माझ्याकडे तरी.

कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५. काळू १० किलोचा धरला तर एका गोळीत किलोमागे ४० मिग्रॅ आयबुप्रोफेन. पंचवीसच्या पुढे जठराला त्रास सुरू होतो, १७५ च्या आसपास मूत्रपिंडं जातात, ४०० ला झटके आणि कोमा. काळी शी म्हणजे जठरातल्या अल्सरमधून झिरपलेलं, पचलेलं रक्त. हे दिसेपर्यंत एक-दोन-तीन दिवस कुत्रं "जरा सुस्त" एवढंच असतं, आणि मालक फोनवर सांगतो, "नाही हो, चांगला आहे, फक्त जेवत नाहीये."

डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन ही सगळी त्याच घरातली. आपल्याकडे गुडघेदुखीवर सर्रास मिळणारी अ‍ॅसिक्लोफेनॅक + पॅरासिटामॉल ही जोडगोळी तर दुप्पट डोकेदुखी.

पॅरासिटामॉलचं: कुत्र्यांना आम्ही कधीकधी देतो, पण मोजून. किलोमागे १०० मिग्रॅच्या पुढे यकृताला धोका. आता डोलो ६५० ची एक गोळी घ्या. ३० किलोच्या लॅबला ती किलोमागे २२, फोन करून लक्ष ठेवण्याइतकी. ५ किलोच्या पॉमेरेनियनला १३०, धावत सुटण्याइतकी. गोळी तीच. याला एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, माणसांच्या दवाखान्यातही असतो, पण लवकर दिला तर.

मांजरवाल्यांनो, तुमच्यासाठी हिशोबच नाही. मांजराचं यकृत पॅरासिटामॉल निकामी करू शकत नाही. ४ किलोच्या मांजराला ५०० ची अर्धी गोळीसुद्धा जीव घेते. हिरड्या मातकट-तपकिरी, तोंड आणि पंजे सुजलेले, धाप. हे दिसलं तर कपडे बदलायलाही थांबू नका.

गिधाडमित्र | ११:०७
अवांतर पण सांगायला हवं. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ पासूनच बंदी आहे, गिधाडांमुळे. औषध दिलेलं जनावर मेलं, गिधाडांनी खाल्लं, त्यांची मूत्रपिंडं गेली. २०२३ मध्ये कीटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकही जनावरांना द्यायला बंद केलं. माणसांची स्ट्रिप गुराला किंवा कुत्र्याला घालणारे मात्र अजून आहेतच.

निशिगंध | ११:४८
पोचलो, दाखल केलंय. सगळ्यांचे आभार, सविस्तर नंतर. पहिल्या दवाखान्याच्या पाटीवर "२४ तास" होतं, फोनवर कळलं की रात्री फक्त मदतनीस असतो. डॉक, तुमचे ते तीन प्रश्न विचारले म्हणून तिथे जाण्यात अर्धा तास गेला नाही. दुसरीकडे उलटी करवली. त्यात एक अख्खी आणि बाकीचा पिठासारखा लगदा. साडेअकराला शुगर ८८.

डॉ_शेपूट | ११:५२
छान. ८८ वर खूश होऊन घरी आणू नका. दर दोन-तीन तासांनी मोजायला सांगा.

निशिगंध | शनिवार, सायं. ५:३०
झोप काढून लिहितेय. रात्री दोनच्या मापाला शुगर ५१ आली. बाहेरून बघाल तर काही नाही, पिंजऱ्यात मुटकुळं करून झोपलेला. डॉक्टरांनी हाक मारली तर डोळा उघडला पण उठेना, तेव्हा मागचे पाय लुळे पडल्यासारखे वाटले. ग्लुकोज चालूच होतं, वाढवलं. पहाटे ७४, सकाळी खाल्लं, दुपारी ९६ आणि सलाइन बंद केल्यावरही टिकली. आत्ता घरी आणलाय. सोमवारी क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी) आणि यकृताच्या तपासण्या आहेत.
घरी असतो तर "दमलाय, झोपू दे" म्हणून आम्ही दिवा घालवला असता, हे डॉक्टर स्वतःच म्हणाले.
सासूबाई आता गोळ्या स्टीलच्या कडीच्या डब्यात ठेवतात, डबा फ्रिजवर. भुंग्याकडे बघून एकदा "मेल्या" म्हणाल्या आणि त्याला पोळीचा तुकडाही दिला.

पॉमची_मावशी | सायं. ६:०२
वाचून हायसं वाटलं. माझा प्रश्न वेगळा आहे. दिरांना टीबी झालाय, सरकारी गोळ्या चालू आहेत, रोज चार. आमची पॉम ६ किलोची आहे आणि खाली पडलेलं काहीही उचलते. त्या गोळ्यांचं काय?

डॉ_शेपूट | सायं. ६:४०
बरं झालं विचारलंत. या पूर्ण धाग्यात मला सगळ्यात जास्त भीती याच गोळीची वाटते आणि आपल्या देशात ती घराघरांत आहे.

त्या मिश्र गोळीत आयसोनियाझिड असतं, एकेका गोळीत ७५ मिग्रॅ. चार म्हणजे ३००. माणसाच्या शरीरात हे औषध निकामी करणारं एक एन्झाइम असतं, कुत्र्यांत ते नाही. किलोमागे ५० मिग्रॅ जीव घेऊ शकतं. ६ किलो गुणिले ५०, करा हिशोब: दिरांचा एका दिवसाचा डोस. अर्ध्या तासात ते काही तासांत झटके सुरू होतात आणि नेहमीच्या फिट्सच्या इंजेक्शनला दाद देत नाहीत, कारण औषधाने मेंदूतलं बी-६ मारलेलं असतं. उतारा म्हणजे शिरेतून पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६ च, जितकं आयसोनियाझिड गेलं तितकंच वजनाने. म्हणून दवाखान्यात शिरताना "टीबीची गोळी, आयसोनियाझिड" हे शब्द आधी उच्चारा. नुसतं "फिट येतेय" म्हणालात तर डॉक्टर दुसरीकडेच शोधत बसेल.

दिरांनी गोळ्या टेबलाशी उभं राहून, पॉम दुसऱ्या खोलीत असताना घ्याव्यात. एखादी हातातून पडली तर सापडेपर्यंत दार उघडायचं नाही.

पॉमची_मावशी | सायं. ६:४४
बापरे. आजपासूनच.

अवलिया_७ | सायं. ७:१५
मग निरुपद्रवी असं काही असतं की नाही? आमच्या रॉकीने (२५ किलो) आईच्या थायरॉइडच्या सहा-सात गोळ्या खाल्ल्या होत्या, १०० मायक्रोग्रॅमवाल्या. आई रडून अर्धी झाली. डॉक्टर म्हणाले, काही नाही, घरी जा. आम्हाला वाटलं की टाळतायत.

डॉ_शेपूट | सायं. ७:३२
टाळत नव्हते. थायरॉइड कमी असलेल्या २५ किलोच्या कुत्र्याला आम्ही स्वतः एका वेळी साधारण ५०० मायक्रोग्रॅम लिहून देतो, तेही दिवसातून दोनदा. रॉकीने त्याच्या आसपासच खाल्लं. फार तर थोडा चळ लागल्यासारखा धावला असता. अख्खी बाटली खाल्ली असती तर गोष्ट वेगळी. एखादी साधी सेटिरिझिन, एखादी पँटोप्राझोल, यांनीही मोठ्या कुत्र्याला सहसा काही होत नाही. मात्र सर्दीच्या गोळीच्या नावापुढे डी किंवा प्लस असेल तर आत आणखी काय आहे ते वाचा.

उलट लोक ज्याला टॉनिक समजतात ते बघा. डी-३ ची ६०,००० युनिटची आठवड्याची कॅप्सूल. चारची स्ट्रिप १० किलोच्या कुत्र्याने चघळली तर किलोमागे २४,००० युनिट. ४,००० च्या पुढे गेलं की आम्ही रक्तातलं कॅल्शियम मोजायला लागतो. पहिला दिवस काही दिसत नाही, मग पाणी खूप पितो, ओकतो, आणि तोवर कॅल्शियम मूत्रपिंडांत बसायला लागलेलं असतं. उपचार आठवडे चालतात. गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्या तशाच. त्यावर कोळशाचाही उपयोग नाही, लोह कोळशाला चिकटतच नाही.

आणि कोळसा म्हणजे दवाखान्यातला अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल हं. करपलेली पोळी नव्हे. गेल्या महिन्यात एकांनी तवाभर पोळ्या मुद्दाम जाळून आणल्या होत्या.

न्यूजर्सीकर | रात्री ८:२०
झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) राहिलं. शुगर-फ्री च्युइंगम, काही चघळायच्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या, माउथवॉश. औषध बरं असलं तरी गोडवा घात करतो. यानेही कुत्र्याची शुगर अर्ध्या-एक तासात कोसळते. वेष्टनावर घटकांची यादी वाचा.

दोन_शेपट्या | रात्री ८:५१
+१. आणि घरात दोन कुत्री असतील तर गायब गोळ्या वाटून निम्म्या-निम्म्या धरू नका. प्रत्येकाने सगळ्या खाल्ल्या असं धरून दोघांनाही न्या. आमच्या भोळ्या चेहऱ्याच्या टफीनेच सगळ्या फस्त केल्या होत्या, आम्ही मात्र मारकुट्या ब्रूनोवर संशय घेऊन त्याला एकट्याला गाडीत घातलं.

रानजाई | रात्री ९:३७
गोळी नाही, मलम आहे, चालेल का इथे? बाबांना सोरायसिस आहे. पायांना मलम लावून बसले की राणी (इंडी म्हणजे देशी, १६ किलो) चाटत बसते. बाबांना कौतुक, "सेवा करते" म्हणतात. गेले काही दिवस वाटीमागून वाटी पाणी पितेय. ट्यूबवर कॅल्सिपोट्रिऑल आणि बीटामेथासोन लिहिलंय.

डॉ_शेपूट | रात्री ९:४४
ट्यूब चावून खाल्ली का कधी? ओकते का?

रानजाई | रात्री ९:४७
ट्यूब नाही. नुसते पाय चाटते, पण रोज. काल एकदा ओकली, गवत खाल्लं असेल म्हणून सोडून दिलं. जेवणही कमी झालंय.

डॉ_शेपूट | रात्री ९:५६
कॅल्सिपोट्रिऑल हे ड जीवनसत्त्वाचंच तीव्र भावंड, कॅल्शियम तसंच चढवतं. बीटामेथासोन स्टेरॉइड आहे, त्यानेही तहान वाढते, पण पाणी + उलटी + भूक कमी हे तिन्ही एकत्र आल्यावर मी स्टेरॉइडवर ढकलणार नाही. आज रात्री उघडा दवाखाना मिळत असेल तर आजच, नाहीतर सकाळी दार उघडताना तिथे उभ्या राहा. रक्तात कॅल्शियम, फॉस्फरस, क्रिएटिनिन. ट्यूब बरोबर न्या. दूध, दही, कॅल्शियमचं टॉनिक काही देत असाल तर बंद. पाणी तोडू नका, पिऊ दे हवं तेवढं. आणि बाबांना आत्ता मोजे घाला.

रानजाई | रात्री १०:०२
कॅल्शियमचं सिरप देतोय आम्ही, म्हातारी झाली म्हणून. बंद करते. एका ठिकाणी फोन लागलाय, डॉक्टर आहेत म्हणतात. जाते.